मोनालीची चेष्टा

१८ नोव्हेंबर, सोमवार

राकेशच्या प्लांटमधली मागच्या सालची एक कोरी डायरी घरात पडून होती. काल त्यानं ती माझ्यापुढं टाकली. म्हणे, "तुझं दिवसभराचं बोलणं माझ्या कानात मावत नाही. अर्धं इथं लिहीत जा." सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीपाशी आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाले भट्टीचा आवाज चालते, अन् बायकोचा जड होते. ठीक आहे. लिहिते मी. छापलेले वार यंदाच्या तारखांशी जुळत नाहीत, म्हणून खोडून वरतून लिहून राहिली.

बोलण्याची वाटणीच आमच्या घरात चुकली. मी एकटी पाच जणींचं बोलते, अन् माझी पोट्टी, मोनाली, नऊ वर्षांची, एकेका शब्दापाशी अडून बसते. पहिलं अक्षर निघते, मग तेच ते, तेच ते. मान वाकडी होते, डोळे मिटून घेते. डॉक्टर म्हणाले जिभेत काही खोट नाही, वेळ द्या. वेळ कुठून देऊ? "पा-पा-पा" झालं की मी लगेच म्हणते, "पाणी पाहिजे ना? घे." तिचं अर्धं वाक्य माझ्या तोंडात तयारच असते. माय आहे मी, तिच्या मनातलं मले कळत नाही काय? पोरीनं उगाच कायले त्रास काढायचा.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, रेल्वेतून रिटायर झाले अन् कान तिकडंच ठेवून आले. संध्याकाळी मोना त्यांच्यापाशी गच्चीवर जाऊन बसते. त्यांना ऐकू येत नाही, तिले बोलता येत नाही, काय गप्पा होत असतीन त्याच जाणोत. मी वाळलेले कपडे काढायला वर गेली की मधात पडून सांगून टाकते. दोघांचंही काम सोपं होते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज डोकं फिरलं आहे.

मोनाच्या चौथीच्या वर्गाले यंदा शालिग्राम गुरुजी आहेत. आमच्या पाऱ्यातलीच, म्हणजे मोहल्ल्यातलीच, सरकारी शाळा, माणूस भला दिसते, पण हिंदी अशी बोलते की रेडिओवर बातम्या लागल्या. मागं एकदा मी दारात उभी होती तं म्हणाले, "कृपया स्थान ग्रहण कीजिए." मी इकडंतिकडं पाहिलं, काय घ्यायचं म्हणून. बारा वर्षं झाली मले हिंगणघाटाहून रायपूरले येऊन. बाजारातली हिंदी येते, भाजीवालीशी छत्तीसगढीत भांडता येते. पण ही पुस्तकातली हिंदी माझ्या डोक्यावरून जाते. नवीन आली होती तेव्हा एका सरकारी बोर्डावर "शिक्षा विभाग" वाचून मी राकेशले विचारलं होतं, इथं मारायसाठी वेगळं हापिस आहे काय? तो अजून पाहुण्यांना सांगते.

तं या गुरुजींनी मोनाले रोजची हाजरी घ्यायला लावलं म्हणे. शेजारची साहूंची पोट्टी सांगून गेली. जिले आपलं नाव धड सांगता येत नाही तिच्याकडून सगळ्या वर्गाची नावं? पोरं हसत नसतीन काय? हा गुरुजी आहे की वैरी? शनिवारी पालकांची बैठक आहे. विचारतेच.

२३ नोव्हेंबर, शनिवार

भांडायची पूर्ण तयारी करून गेली होती. काय काय म्हणायचं ते वाटेतच जुळवलं होतं. नंबर आला, मी तोंड उघडणार, तेवढ्यात गुरुजींनी हात जोडले अन् सगळ्या बायांसमोर म्हणाले, "आइए, आइए. मोनाली बहुत चेष्टा करती है. पूरी कक्षा में सबसे अधिक."

वरतून हसून म्हणाले.

माझं तोंड गरम झालं. आयुष्यात पहिल्यांदा मले शब्द सापडला नाही. हाजरीचं विचारायचं राहूनच गेलं, "जी, जी" करत परत आली. वाटेभर तेच डोक्यात. माझी पोट्टी चेष्टा करते? जिची सगळे नक्कल करतात ती दुसऱ्याची करते? अन् सगळ्यात अधिक? इथल्या लोकांची रीतच अशी, वाईटातलं वाईट गोड तोंडानं सांगतात.

घरी येऊन मोनाले समोर उभं केलं. "शाळेत चेष्टा करते काय तू?"

ती म्हणाली, "न-न-न..."

"नाही म्हणते ना? मग गुरुजी खोटं बोलले? आजपासून शाळेत तोंड उघडायचं नाही. कोणी विचारलं तरी नाही. हाजरी घे म्हटलं तं बसून राहायचं. समजलं?"

तिनं मान हलवली. रडलीही नाही. राकेश ड्यूटीवरून आला तेव्हा त्याले एवढंच सांगतलं की शाळेतून तक्रार होती, मी पाहून घेतलं. थकलेला होता, झोपला.

३० नोव्हेंबर, शनिवार

आठवडा झाला, काही तक्रार नाही. ऐकण्यात माझ्या पोट्टीचा हात कोणी धरू शकत नाही. साहूंची पोट्टी म्हणते, गुरुजी आता स्वतःच हाजरी घेतात, पण रोज आधी रजिस्टर मोनाच्या पुढं ठेवतात, थांबतात, मग उचलून नेतात. काय हट्टी माणूस आहे.

घरातही शांत आहे. पाणी लागलं की स्वतः उठून घेते. गच्चीवर जात नाही आता. मामाजींनी विचारलं, "पोट्टी काहून येत नाही?" मी कानाशी जाऊन ओरडली, "अभ्यास आहे तिले." ते म्हणाले, "अभ्यास तं आधीही होता."

मले खरं तं बरं वाटायला पाहिजे होतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी विहारात गेलो, मेणबत्त्या लावल्या. एका म्हाताऱ्या बाईनं मोनाच्या गालाले हात लावून नाव विचारलं. मोनानं माझ्याकडं पाहिलं. मी सांगतलं, "मोनाली." बाई म्हणाली, "मुकी आहे काय वो?"

मी तिथंच तिले सुनावलं. मुकी नाही, अडखळते फक्त, तुमच्या घरचं काय जाते? राकेशनं हात धरून बाहेर आणलं. वाटेत मोनाले म्हटलं, "नाव तं सांगायचं ना, बाई." तिनं पुन्हा तसंच पाहिलं माझ्याकडं. मागच्या साली निदान "मो-मो" तरी करत होती. आज तेही नाही.

घरी राकेशले म्हटलं, "पोरगी बोलतच नाही रे आताशा." तो जोडे काढत होता. म्हणे, "तू कुठं बोलू देते." सहज म्हणाला तो, पण मले लागलं. खूप बोलली मी त्याले.

९ डिसेंबर, सोमवार

आज गुरुजी घरी आले. मफलर गुंडाळलेला, सायकल दारात, खुर्चीच्या काठावर बसले. राकेश घरी होता, मामाजी होते. मी चहा ठेवला. मोना आतल्या दाराच्या चौकटीले धरून उभी.

गुरुजींनी कप हातात घेतला, प्यायले नाही. म्हणाले, "मुझसे कोई भूल हुई है क्या? बैठक के बाद से बच्ची ने कक्षा में एक अक्षर नहीं बोला."

मी म्हटलं, "आपही तो बोले थे सबके सामने, कि चेष्टा करती है. तो मैंने बंद करवा दी."

गुरुजी माझ्याकडं पाहतच राहिले. "चेष्टा... बंद करवा दी?"

राकेशनं कप खाली ठेवला. मले मराठीत विचारलं, "तू काय समजली चेष्टा म्हणजे?"

"काय म्हणजे? चेष्टा म्हणजे चेष्टा. टिंगल. नक्कल."

"अगं, यांच्या हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश. प्रयत्न. गुरुजी सांगून राहिले होते, की आख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त कोशिश आपली मोना करते."

कुठं पाहावं मले कळेना. बोलायची कोशिश करणाऱ्या पोट्टीले मी सांगतलं, की तोंड उघडायचं नाही. अन् तिनं ते ऐकलं. माझंच ऐकलं.

गुरुजींनी राकेशले विचारलं, मराठीत याचा अर्थ काय होते. त्यानं सांगतला. मले वाटलं आता हसतीन, अन् उद्या सगळ्या शाळेत गोष्ट होईन. ते हसले नाही. चष्मा काढून मफलरनं पुसला अन् म्हणाले, "भूल मेरे शब्द की है. सीधे 'कोशिश' कह देता तो क्या बिगड़ता. पत्नी भी टोकती है मुझे."

एवढा मोठा माणूस, माझी चूक उचलून आपल्या डोक्यावर घेऊन मोकळा झाला. मले तं तेवढ्यात शिक्षा विभागाची गोष्ट सांगून आपलीच बाजू मांडायची होती. मी गप्प राहिली.

मग ते म्हणाले, "मैं रोज रजिस्टर उसके आगे रखता हूँ. वह मेरी ओर देखकर सिर हिला देती है. मेरे कहने से नहीं होगा, माताजी. माँ ने बंद किया है, माँ ही खोलेगी."

मी तिथंच मोनाले जवळ घेतलं. "मोना, माझं चुकलं. शब्द मलेच समजला नाही. तू काहीच वाईट केलं नव्हतं. आता बोल तू. शाळेत बोल, घरात बोल, पाहिजे तेवढं बोल." तिनं मान हलवली. बोलली काही नाही. मी आणखी म्हणणार होती, राकेशनं डोळ्यानं थांबवलं.

जाताना गुरुजी म्हणाले, एक दिवस वर्गात येऊन बसा. फक्त त्यांच्या वर्गाचा एक नियम आहे. "किसी का शब्द कोई दूसरा पूरा नहीं करेगा." मी म्हटलं, हव, हव, बिलकुल नहीं. राकेशले खोकला आला.

११ डिसेंबर, बुधवार

गेली. वर्गात मागं सतरंजीवर बसली, शाल घेऊन. गुरुजींनी रजिस्टर मोनाच्या पुढं ठेवलं. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. पुन्हा हलवली. ती उभी राहिली.

पहिलं नाव दिवाकर होतं. "दि-दि-दि..." अन् माझ्या तोंडात "वाकर" येऊन बसला. खरंच सांगते, जीभ आपोआप उचलली. मी शालीचा पदर तोंडात कोंबला. मग वर्गाकडं पाहिलं. मले वाटत होतं खुसखुस सुरू होईन. कोणी हसत नव्हतं. एक पोट्टा पेन्सिल छिलत होता. दिवाकर म्हणजे कोण ते लगेच कळलं, कारण तो ताठ बसून वाट पाहत होता, आपलं नाव येऊन राहिलं आहे अन् ते आपल्यालेच घ्यायचं आहे, असा. गुरुजी खिडकीतून बाहेर पाहत होते. दया नाही, घाई नाही, घड्याळाकडं नजर नाही.

"दिवाकर," मोना म्हणाली.

"उपस्थित."

असे तीन झाले. चौथ्याले अडकली ती अडकलीच. मान हलवून खाली बसली. गुरुजी शांतपणे उठले, रजिस्टर घेतलं, "आज तीन नाम. कल फिर," अन् पुढची नावं वाचायला लागले. माझा जीव तुटला. तीनच. पण सुटीत बाहेर आली तं गुरुजींचा चेहरा पोरगा पास झाल्यासारखा. म्हणाले, "बोली तो, माताजी! आपने खोल दिया."

मी विचारलं, हे असं थांबायचं तुम्हाले कुठं शिकवलं, ट्रेनिंगमध्ये काय? ते म्हणाले, मोनालीनंच शिकवलं. जुलैत त्यांनी तिले विचारलं होतं, बेटी, तेरे लिए मैं क्या करूँ? खूप वेळ लागला म्हणे, घंटी झाली, पोरं खेळायला गेली, पण तिनं उत्तर दिलं. म्हणाली, रुकना.

"इतने बरस से पढ़ा रहा हूँ. किसी बच्चे ने मुझसे इतनी छोटी चीज नहीं माँगी."

नऊ वर्षांत मी तिले हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तं उत्तरही मीच दिलं असतं.

मग गुरुजी म्हणाले, "घर में भी कोई है जो रुकता है, नहीं तो वह इतना भी न बोलती. आप ही होंगी." मी म्हटलं, हव. तोंडातून निघून गेलं. घरी येईपर्यंत मान खाली.

१५ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी मोना गच्चीवर गेली. मी मागून गेली, पण जिन्यातच थांबली. मामाजी कानामागं हात धरून बसलेले. ती सांगून राहिली होती वर्गातलं काहीतरी. अडकली की मामाजी तसेच बसून राहत. चुकीचं ऐकू आलं की म्हणत, "पुन्हा सांग, मले कुठं जायचं आहे." ती पुन्हा सांगे. दुसऱ्यांदा जरा सोपं जाई. अन् मी समजत होती की म्हाताऱ्याले ऐकू येत नाही म्हणून पोट्टीचे हाल होतात. कितीदा मधात पडली मी त्यांच्या.

वर गेली नाही. कपडे राहिले दवात.

१७ डिसेंबर, मंगळवार

लिहिणं सोपं आहे. ठेवणं अवघड आहे, हे तोंड बंद ठेवणं. आज जेवताना मोना म्हणाली, "भा-भा-" अन् मी भात वाढून मोकळी. तिनं खाली मान घालून खाल्ला. मग माझ्या ध्यानात आलं, टोपलीत गरम भाकर होती. मी विचारलं, "मोना, तुले भाकर पाहिजे होती काय?" ती हसली. हो म्हणाली मानेनं.

आतापर्यंत किती वेळा या पोट्टीनं मी म्हटलेलं गिळलं असन. पाणी नको असताना पाणी प्याली असन. मले रडूच आलं, तं तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला. राकेश म्हणाला, "आता भाकर तं दे तिले."

२१ डिसेंबर, शनिवार

शाळेच्या फाटकापाशी गुरुजी भेटले. आज मोनानं अर्ध्या वर्गाची हाजरी घेतली. त्यांनी ते सांगताना पोट्ट्यासारखी सायकलची घंटी वाजवली. म्हणाले, "मोनाली बहुत चे—" अन् जीभ चावली. "बहुत कोशिश करती है."

मी म्हटलं, "चेष्टाही बोलिए, गुरुजी. अब हिंदी आती है मेरे को."

तेव्हा मात्र हसले ते. मी मग सांगून टाकलं, की घरी थांबणारी मी नव्हती, तिचे आजोबा आहेत. मी आता शिकून राहिली. ते म्हणाले, "तो आप भी चेष्टा कर रही हैं." म्हटलं, हव, पूरी कक्षा में सबसे अधिक.

४ जानेवारी, शनिवार

थंडी फार. गॅसवर दूध ठेवलं अन् ओट्याकडं पाठ करून भाजी निवडत बसली होती. मोना दारात आली. माझ्या मागं पाहून म्हणाली, "दू-दू-दू..."

मी वळली. दूध वर येऊन राहिलं होतं, काठापासून दोन बोटं. सगळं वाक्य मले समजलं होतं. हात गॅसच्या बटणाकडं निघालाही. मग वाटलं, मी आता गॅस बंद केला तं तिच्या शब्दाले कामच काय उरलं? हात मागं घेतला, पदरात गुंडाळला, अन् वळून तिच्या तोंडाकडं पाहत बसली.

ती एकदा दुधाकडं पाहे, एकदा माझ्याकडं. मी हालत नाही म्हणून तिले आश्चर्य वाटत असन. मान वाकडी झाली, डोळे मिटले. मागं दूध फसफसलं, शेगडीवर उतरलं, जळका वास सुटला. माझा जीव त्या दुधात होता अन् नव्हता.

"दूध," ती म्हणाली. डोळे उघडले. मग एका दमात, "आई, दूध उतू गेलं."

बाहेर सगळ्यांशी हिंदी बोलणारी माझी पोट्टी, माझ्याशी अख्खं वाक्य मराठीत बोलली. मी म्हटलं, "हो काय? बरं झालं सांगतलं." मग उठून गॅस बंद केला.

तेवढ्यात राकेश शिफ्टवरून आला, वास घेत थेट स्वैपाकघरात. "हे काय झालं? तू इथंच बसून होती ना?" माझं तोंड उघडलं होतं, सगळं सांगायले, पहिल्यापासून. मिटून घेतलं. मोनाले म्हटलं, "तू सांग."

राकेश डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. मामाजी कानामागं हात धरून दारात आले. चहापुरतं दूध उरलं नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना काळा चहा दिला. तो पिऊन संपला तरी तिचं सांगणं चालू होतं.